मुंबई, पुणे की आणखी कुठे? अर्थशास्त्राच्या पदवीसाठी दोन विद्यापीठांतून एक निवडताना

बारावीचा निकाल लागला की आठ दिवसांत कोकणातल्या आमच्या पडवीत कुणी ना कुणी येऊन बसतं. प्लास्टिकच्या पिशवीत मार्कलिस्ट, दोन माहितीपुस्तिका, आणि प्रश्न ठरलेला: "मॅडम, मुंबयक धाडू काय पुण्याक?" मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, तेव्हा उत्तर माझ्याकडे तयार असणार अशी समजूत. ते नसतं. मी उलट विचारते, "पुण्यात कुठे? आणि तिथे दुसऱ्या वर्षाला काय शिकवतात?" बाप लेकीकडे बघतो आणि लेक पंख्याकडे.

बहुतेकांची चूक क्रमात होते. आधी फी बघतात, मग हॉस्टेल, मग ओळखीतल्या कुणाचा भाचा कुठे शिकला ते. अभ्यासक्रम उघडतात तो प्रवेश घेतल्यावर, तोही परीक्षा जवळ आली की. खाली दिलेले टप्पे त्याच क्रमाने करा. पुढचा सोपा वाटला म्हणून मागचा सोडू नका.

सुरू करण्याआधी: काय हाताशी हवं

काम बारावीच्या डिसेंबरात सुरू करा. निकालानंतर ठरवू म्हणाल तर काही दारं तोवर बंद झालेली असतात. केंद्रीय विद्यापीठांसाठी लागणाऱ्या सीयूईटी या प्रवेशपरीक्षेचे अर्ज निकालाच्या बरेच आधी संपतात.

दोन्ही ठिकाणांसाठी एवढं गोळा करा:

१. सहाही सत्रांचा (चार वर्षांचा असेल तर आठही) पूर्ण अभ्यासक्रम. माहितीपुस्तिकेत असते ती विषयांची नावं आणि इमारतीचे फोटो. अभ्यासक्रमाची पीडीएफ वेगळी असते, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परिपत्रकांच्या ढिगात.
२. मागच्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका. निदान सूक्ष्म अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्राच्या.
३. सगळ्या वर्षांचा फी-तक्ता, फक्त पहिल्या वर्षाचा नको.
४. मागच्या वर्षीचं प्रवेशाचं वेळापत्रक. यंदाचं उशिरा येतं, पण महिने साधारण तेच असतात.

हे सगळं छापून घ्या. मोबाइलवर दोन अभ्यासक्रम शेजारी शेजारी दिसत नाहीत आणि त्यावर लाल पेन्सिलही चालत नाही.

टप्पा १: पदवीनंतर कुठलं दार, ते आधी लिहा

अर्थशास्त्राच्या पदवीनंतर मुलं साधारण तीन वाटांनी जातात आणि तिन्हींना वेगवेगळी पदवी सोयीची पडते.

पहिली वाट अर्थशास्त्रातच पुढे जाण्याची. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, भारतीय सांख्यिकी संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, किंवा २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर सुरू झालेल्या जॅम परीक्षेतून आयआयटी. इथल्या प्रवेशपरीक्षांत गणित आणि संख्याशास्त्र भरपूर असतं. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षाही याच वाटेवर येते. ती यूपीएससी घेते आणि तिला अर्थशास्त्रातली किंवा संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. नुसत्या बी.ए.वर तो अर्ज भरता येत नाही, हे दरवर्षी निदान दोघांना तरी मी सांगते आणि दोघंही चकित होतात.

दुसरी वाट एमपीएससी, यूपीएससी, बँक, कायदा, बी.एड. अशी. इथे बहुतेक ठिकाणी मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठलीही पदवी चालते. मग वेळ, चांगले गुण, मराठीतून लिहिण्याची सोय आणि घराजवळचं कॉलेज यांना किंमत येते. अशा मुलाने चिपळूण किंवा कणकवलीत राहून पदवी घेतली तर त्यात कमीपणा काही नाही, उलट शहाणपण आहे.

तिसरी वाट विश्लेषण, वित्त किंवा एमबीए. हिला संख्याशास्त्र, संगणकावर आकडेवारी हाताळण्याचा सराव आणि इंटर्नशिप लागते, म्हणजे शहराचा फायदा खरा इथे.

सतराव्या वर्षी हे ठरलेलं नसतं, त्यात वावगं काही नाही. ठरलं नसेल तर पहिल्या वाटेला चालेल असा अभ्यासक्रम निवडा. तिथून दुसऱ्या-तिसऱ्या वाटेवर उतरता येतं, उलट चढायला फार दम लागतो. मात्र त्याआधी टप्पा २.

तपासा: "मला तीन किंवा चार वर्षांनी अमुक करायचं आहे" हे एक वाक्य कागदावर आहे का? आई-बाबांनी लिहिलेलं वाक्य मोजू नका.

टप्पा २: गणिताशी आपलं काय नातं, ते खरं सांगा

"गणित नको म्हणून अर्थशास्त्र घेतलं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही. पदवीचं चांगलं अर्थशास्त्र दुसऱ्या वर्षापासून गणितातून बोलतं.

आधी पात्रता बघा. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीत गणित असावं लागतं आणि सीयूईटीतही गणिताचा पेपर द्यावा लागतो. कला शाखेत गणित न घेता नव्वद टक्के मिळाले तरी तो रस्ता बंद. बाकी प्रत्येक विद्यापीठाची अट वेगळी असते, ती त्याच वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शब्दशः वाचा. "गणित असल्यास प्राधान्य" आणि "गणित अनिवार्य" यांत फरक आहे.

पात्रता असली तरी झेपेल का? त्यासाठी वाणिज्य शाखेचं बारावीचं गणिताचं पुस्तक मिळवा. त्यात विकलनाचं प्रकरण आहे आणि त्याच्या उपयोजनांत मागणीची लवचिकता, सीमांत प्राप्ती हेच आपले जुने ओळखीचे लोक गणिताच्या वेषात भेटतात. दहा दिवस रोज तासभर बसा आणि वीस उदाहरणं सोडवा. उत्तरं चुकली तरी चालेल. बसवत नसेल तर मात्र ती माहिती मोलाची आहे.

बारावीत गणित नव्हतं म्हणून सगळं संपलं असंही नाही. मग दोन विद्यापीठांपैकी अशा ठिकाणी जा जिथे पहिल्या वर्षाला गणितीय पद्धतींचा पेपर शून्यापासून सुरू होतो.

सावध: जी मुलं आत्ता अकरावीत जात आहेत त्यांनी कला शाखेतही गणित घेता येतं का, ते कॉलेजात विचारा. नियमाने घेता येतं, पण वेळापत्रकात बसत नाही म्हणून पुष्कळ कॉलेजं देत नाहीत.

टप्पा ३: पदवी कुणाची, अभ्यासक्रम कुणाचा

"मुंबई विद्यापीठ की पुणे विद्यापीठ" हा प्रश्नच बहुतेक वेळा अर्धवट असतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली कला-वाणिज्यची कॉलेजं मुंबई विद्यापीठाचीच. म्हणजे घरी राहूनही मुंबई विद्यापीठाची पदवी मिळते आणि चर्चगेटला राहूनही. फरक पडतो तो कॉलेजच्या प्रकाराने:

१. संलग्न कॉलेज: अभ्यासक्रम आणि पदवी विद्यापीठाची. शेवटच्या टोकाची परीक्षाही त्यांचीच. अशी दोन कॉलेजं एकाच विद्यापीठाची असतील तर कागदावर फरक नाही, फरक वर्गात आहे.
२. स्वायत्त कॉलेज: अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची, पदवी विद्यापीठाची. मुंबईचं सेंट झेवियर्स असं आहे. पुण्याचं फर्ग्युसनही.
३. अभिमत विद्यापीठ: सगळं स्वतःचं. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था या प्रकारात येते, आणि तिथे पदवीला बी.एस्सी. अर्थशास्त्र आहे.
४. केंद्रीय विद्यापीठ: प्रवेश सीयूईटीतून, आरक्षण केंद्राच्या याद्यांप्रमाणे.

सावंतवाडी-दोडामार्गकडच्या मुलांसाठी गोवा विद्यापीठाची कॉलेजंही यादीत असू शकतात. अंतराने ती मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. मात्र गोव्याचा रहिवासी दाखला नसलेल्यांना कुठल्या जागांवर अर्ज करता येतो, ते त्या कॉलेजात आधी विचारून घ्या.

क्रमवारीचं काय? एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या, याद्या विद्यापीठांच्या वेगळ्या आणि कॉलेजांच्या वेगळ्या असतात. विद्यापीठाचा क्रमांक बघून त्याच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजबद्दल काही ठरवणं म्हणजे वाशीच्या मार्केटचा भाव ऐकून आपल्या बागेतला आंबा पिकला म्हणण्यासारखं. नॅकची (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची) श्रेणी बघाल तर ती त्या कॉलेजची आहे ना आणि तिची मुदत संपलेली नाही ना, एवढं बघा.

तपासा: तुमच्या कागदावर आता दोन विद्यापीठांऐवजी दोन जोड्या हव्यात, विद्यापीठ अधिक कॉलेज. पुढचं सगळं त्या जोड्यांवर करायचं.

टप्पा ४: दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवा

याला एक पूर्ण रविवार द्या. लाल पेन्सिल घ्या.

आधी साचा समजून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली. त्यामुळे ताईने किंवा दादाने पाच वर्षांपूर्वी केलेल्या बी.ए.चा अनुभव आता फारसा कामाचा नाही. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक (क्रेडिट), चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), खुले ऐच्छिक विषय, कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञान परंपरेचे, शिवाय प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक येतात. पहिलं काम म्हणजे यातले निव्वळ अर्थशास्त्राचे श्रेयांक मोजणं. प्रत्येक सत्रातल्या मेजरच्या पेपरांवर लाल खूण करा आणि बेरीज घ्या. नाव "अर्थशास्त्र" असूनही दोन ठिकाणी ही बेरीज बरीच वेगळी निघू शकते. तासांनी समजून घ्यायचं तर तात्त्विक पेपरचा एक श्रेयांक म्हणजे पंधरा तास, चार श्रेयांकांचा पेपर साठ तासांचा.

आता पेपर शोधा. पाच नावं: सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र, गणितीय पद्धती, संख्याशास्त्र, अर्थमिती (इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवर अर्थशास्त्र तपासून बघणं). पहिली दोन सगळीकडे असतात. ती किती सत्रं चालतात ते बघा. एकेकच सत्र असेल तर बारावीच्या पुढे फार जाणं होत नाही. उरलेली तीन मेजरमध्ये अनिवार्य आहेत, ऐच्छिक आहेत की नाहीतच? पहिली वाट लिहिलेल्यांसाठी अर्थमिती नसणं हा मोठा खड्डा आहे. तो नंतर स्वतःच्या खर्चाने भरावा लागतो.

मग पेपरच्या आत जा. शीर्षकं सारखी असतात आणि तिथेच लोक फसतात. मागे एका मुलीबरोबर बसून मी असे दोन अभ्यासक्रम चाळले. दोन्हीकडे "ग्राहकाचा समतोल" हे घटकाचं नाव होतं. मग प्रश्नपत्रिका काढल्या. एकीकडे प्रश्न होता, समवृत्ती वक्राची वैशिष्ट्यं स्पष्ट करा. दुसरीकडचा साधारण असा: ग्राहकाजवळ ५०० रुपये आहेत, चहा १० रुपयांना, भज्यांची प्लेट २५ रुपयांना, आणि त्याची उपयोगिता म्हणजे चहाचे कप गुणिले भज्यांच्या प्लेटी. समतोल काढा. (दोन्हींवर अर्धे अर्धे पैसे जातात, २५ कप आणि १० प्लेटी. पोटाचं काय होईल ते अर्थशास्त्र विचारत नाही.) पहिला प्रश्न ती मुलगी बारावीच्या पुस्तकावरून लिहू शकली असती. दुसऱ्याकडे बघून ती गप्प झाली, आणि मग म्हणाली, "मॅडम, पण हे शिकायला मजा येईल." तिची निवड तिथेच झाली.

बारावीच्या पुस्तकाची फूटपट्टी करा. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात उपयोगिता, मागणी व लवचिकता, पुरवठा, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्त, नाणेबाजार व भांडवल बाजार, विदेशी व्यापार एवढं झालेलं असतं. पदवीच्या पहिल्या वर्षी यातलं बरंच परत येतं, त्याला हरकत नाही. तिसऱ्या सत्रातही तेच, तेवढंच दिसत असेल तर मात्र तो अभ्यासक्रम जागेवर फिरतोय.

आणखी तीन गोष्टी, झटपट. अंतर्गत आणि लेखी परीक्षेच्या गुणांचं प्रमाण काय. प्रात्यक्षिकात कुठलं सॉफ्टवेअर नाव घेऊन दिलंय का, नुसतं "संगणकाची ओळख" नको. संदर्भग्रंथांच्या यादीतली आवृत्ती कुठल्या वर्षाची.

सावध: अभ्यासक्रमात छापलेला ऐच्छिक पेपर त्या कॉलेजात चालतोच असं नाही. छोट्या कॉलेजांत पुरेशी मुलं नसली की तो पेपर, कधी कधी मेजरच, सुरू करत नाहीत. माझ्या एका विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी अर्थशास्त्र घेतलं, दुसऱ्या वर्षी वर्गात चार मुलं उरली, आणि त्यांना "इतिहास घ्या, सोपा आहे" असा सल्ला मिळाला. तेव्हा विचारायचं ते असं: "सर, गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र मेजरला किती मुलं होती?"

चौथ्या वर्षाचंही याच वेळी विचारून घ्या. तिथे ऑनर्सचं वर्ष अर्थशास्त्रात चालतं का? संशोधनासह ऑनर्स करायचं तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्क्यांची अट आहे. चार वर्षांच्या पदवीवर पुढचं एम.ए. एका वर्षाचं होऊ शकतं, तीन वर्षांच्या पदवीवर दोन. एकूण वर्षं पाचच. कुठली पाच, कुठल्या गावात, हा प्रश्न.

टप्पा ५: जाऊन बघा, चालू वर्गाच्या दिवशी

जानेवारी-फेब्रुवारीत बारावीच्या अभ्यासातून एक दिवस काढणं जड जातं. तरी काढा, किंवा बाबांना पाठवा. पण जूनच्या प्रवेशाच्या रांगेत उभं राहून कॉलेज कळत नाही.

अर्थशास्त्र विभागात जा. पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे सरळ विचारा. शिपाईसुद्धा सांगतो, बहुधा जास्त खरं सांगतो. ग्रंथालयात अर्थशास्त्राचं कपाट कुठे आहे विचारा आणि एखाद्या पुस्तकाच्या मागची तारखांची चिठ्ठी उघडून बघा. शेवटचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा असेल तर तुम्हाला कळलं. मग कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून एकच गोष्ट विचारा: गणिताचा आणि संख्याशास्त्राचा पेपर वर्गात शिकून होतो, की बाहेर क्लास लावावा लागतो?

माध्यमाची गोष्ट इथेच. मुंबई विद्यापीठाच्या कला शाखेत उत्तरं मराठीतून लिहिता येतात. दिल्लीला किंवा गोखले संस्थेसारख्या ठिकाणी इंग्रजी अटळ. मराठी माध्यमाच्या मुलाने घाबरून जागा सोडू नये, पण पहिलं सत्र जड जाणार हे धरून चालावं. उपाय साधा आहे. बारावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर इंग्रजीतही फुकट मिळतं. एप्रिल-मेमध्ये मराठी डावीकडे आणि इंग्रजी उजवीकडे ठेवून ते पुन्हा वाचा. आशय माहीत असतो, त्यामुळे फक्त शब्द बदलतात. समवृत्ती वक्र म्हणजेच इन्डिफरन्स कर्व्ह, हे एकदा वहीत लिहिलं की भूत जातं.

टप्पा ६: पैसा, पण महिन्यांच्या हिशेबाने

फी आणि खर्च यांत गल्लत करू नका. एका कॉलेजची फी वर्षाला पंधरा हजारांनी कमी आहे, पण त्या शहरात खोली महिन्याला तीन हजारांनी महाग आहे असं समजा. दहा महिन्यांत तुम्ही पंधरा हजारांनी खड्ड्यात. म्हणून दोन्ही जोड्यांसाठी फी, परीक्षा शुल्क, अनामत, खोली, मेस, शहरातला रोजचा प्रवास आणि गावी येण्याजाण्याच्या चार फेऱ्या असा पूर्ण पदवीचा तक्ता करा.

आपल्याकडे दुसरा प्रश्न असतो तो पैसा कधी हातात येतो याचा. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, आणि प्रवेश नेमके त्याच दोन महिन्यांत. आंब्याचं उलट. दलालाची पट्टी जूनपर्यंत हातात येते, पहिली फी सुखाने भरली जाते, आणि दुसऱ्या सत्राची फी येते डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा मोहोरावरच्या फवारणीला पैसे ओतणं चालू असतं. तेव्हा दोन्ही कॉलेजांचे हप्ते कुठल्या महिन्यात पडतात ते विचारा आणि घरच्या वर्षाशेजारी मांडा. एखाद्या घराला सत्रागणिक हप्ते देणारं महाग कॉलेज एकरकमी मागणाऱ्या स्वस्त कॉलेजपेक्षा झेपतं.

शिष्यवृत्ती "मिळेल ना" म्हणून धरू नका. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर त्या कॉलेजच्या नावापुढे तुमचाच अभ्यासक्रम दिसतो का, ते कार्यालयात बसून बघा. स्वयंअर्थसहाय्यित तुकडी असेल तर खास विचारा. कर्जासाठी, केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. तुमची संस्था त्या यादीत आहे का, हे बँकेत जाण्याआधी बघा.

टप्पा ७: ये-जा

थोडक्यात. जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर असते, गाड्या सावकाश धावतात. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे गणपतीचं तिकीट प्रवेशाच्या गडबडीतच काढायचं असतं. पुण्याला जाणाऱ्यांची भिस्त एसटीवर, आणि आंबा किंवा कुंभार्ली घाटात दरड आली की तीही गेली. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या मागेपुढे कुठे पडते तेवढं बघून ठेवा. यावरून विद्यापीठ ठरवू नका.

टप्पा ८: दाखले आणि अर्ज

या टप्प्यात हुशार मुलांच्या जागा जातात.

१. नाव जुळवा. राज्य मंडळाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे आईचं नाव, कुठे नाही. सीयूईटीसारख्या अर्जाआधी आधार दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवून घ्या. दुरुस्तीला दिवस लागतात.
२. जातीचे दाखले दोन नमुन्यांत असतात, राज्याचा आणि केंद्राचा. केंद्रीय विद्यापीठात ओबीसीसाठी जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि नॉन-क्रीमीलेअर केंद्राच्या नमुन्यात, बहुधा त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचं. राज्याचं एसईबीसी आरक्षण तिथे चालत नाही. अशा घरांनी केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला मिळतो का, ते तहसील कार्यालयात मार्चमध्येच विचारावं. मेमध्ये सेतूत उभं राहायला जागा नसते.
३. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजसाठी विद्यापीठाच्या पोर्टलवरची प्रवेशपूर्व नोंदणी आणि कॉलेजचा स्वतःचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक भरून दुसरी राहिली तर गुणवत्ता यादीत नाव येत नाही.
४. राज्याबाहेर जाणार असाल तर मंडळाचं स्थलांतर प्रमाणपत्र लागेल. आपलं विभागीय मंडळ रत्नागिरीत आहे, त्यामुळे तिथे जावं लागलं तर दोडामार्गच्या मुलाचा एक दिवस मोडतो. प्रवेशाच्या आदल्या दिवशी आठवू नका.
५. श्रेयांक साठवणाऱ्या अकॅडमिक बँकेचा आयडी काढून ठेवा.

तपासा: दोन्ही ठिकाणच्या शेवटच्या तारखा घरातल्या कालनिर्णयवर लाल शाईने, त्याच्या तीन दिवस आधीची तारीख निळ्या शाईने. काम निळ्या तारखेला संपवायचं. पावसात लाइट जाते, सर्व्हर त्याआधीच गेलेला असतो.

टप्पा ९: प्रवेश घेताना आणि सोडताना

पहिली यादी लागते दुसऱ्या पसंतीच्या कॉलेजची. पहिल्या पसंतीची अजून लागायची असते. अशा वेळी जागा धरून ठेवण्यात गैर काही नाही, फक्त मूळ कागद देऊन मोकळे होऊ नका.

माझ्या भाच्याने तेच केलं. मूळ दाखला एका कॉलेजात जमा केला, पंधरा दिवसांनी दुसरीकडे नाव लागलं, आणि दाखला परत मिळवायला कुडाळहून तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला बाबू रजेवर, दुसऱ्या खेपेला "प्राचार्यांची सही नाही". तिसऱ्या वेळी मी यूजीसीच्या सूचनेची प्रत हातात दिली होती. त्या सूचनेप्रमाणे संस्थेने मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायची नसतात, पडताळून परत द्यायची असतात. दाखला दहा मिनिटांत मिळाला. त्यानंतर आमच्या घरात नियम झाला: मूळ कागद दिला तर पोच घ्यायची, आणि प्रत्येक कागदाच्या पाच साक्षांकित प्रती घरात.

फी परत मिळते, पण वेळेवर. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या सूचनेत टप्पे दिले आहेत. प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर १०० टक्के (प्रक्रिया शुल्क वजा होऊ शकतं), त्यापेक्षा कमी दिवस उरले असताना ९०, त्या तारखेनंतर पंधरा दिवसांत ८०, तीस दिवसांत ५०, आणि त्यानंतर शून्य. एखाद्या वर्षी यूजीसी वेगळी मुदतही देते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता. अर्ज लेखी करा आणि आवक क्रमांक घ्या. फोनवर सांगितलेलं कुठेच नोंदत नाहीत.

सावध: हॉस्टेलची किंवा खोलीची अनामत यात येत नाही. खोली पक्की करण्याआधी कॉलेज पक्कं करा. घरमालक यूजीसीला ओळखत नाही.

प्रवेश झाल्यावर पहिल्या आठवड्यात विभागात जाऊन मायनर आणि खुले विषय बदलण्याची शेवटची तारीख विचारा. संख्याशास्त्र किंवा गणित मायनर म्हणून मिळत असेल तर ते याच आठवड्यात मिळतं. टप्पा ४ मधला लाल खुणांचा कागद सोबत न्या, काउंटरवरची बाई तो बघून तुमच्याशी जरा नीट बोलते.